शेजाऱ्याला येशूबद्दल कसं सांगायचं, आणि तो चर्चला आलाच तर त्याला कुठं बसवायचं

बायबलातल्या मत्तय २८ वरचा उपदेश झाला की आपल्या मंडळीतली पोरं बाहेर येऊन एकच विचारतात, जायचं म्हणजे नेमकं कुठं जायचं आणि बोलायचं तरी काय. पाळकसाहेब "जा आणि शिष्य करा" म्हणतात ते बरोबरच आहे, प्रभूची आज्ञाच आहे ती, पण सोमवारी सकाळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शेजारच्या मागावरच्या माणसाशी विषय कसा काढायचा हे कुणी सांगत नाही. म्हणून हे लिहितोय, सोलापूर डोळ्यापुढं ठेवून. माझं म्हणणं आधीच सांगतो. सुवार्ता सांगणं हे अर्धं काम आहे, उरलेलं अर्धं म्हणजे आलेल्या माणसाला आपल्यात जागा करून देणं, आणि आपल्याकडं पहिल्या अर्ध्याची सगळ्यांना भीती वाटते अन् दुसऱ्या अर्ध्याचा कुणी विचारच करत नाही.

सुरुवात लांबनं करू नका. मार्क ५ मध्ये तो भुतं लागलेला माणूस बरा झाल्यावर येशूच्या मागं लागतो, मला पण होडीत घ्या म्हणून, आणि येशू त्याला घेत नाही, म्हणतो आपल्या घरी जा, आपल्या माणसांकडं, आणि प्रभूनं तुझ्यासाठी काय केलं, तुझ्यावर कशी दया केली ते सांग. ना ट्रेनिंग ना पुस्तिका, थेट घरी पाठवला त्याला. तर तुम्ही पण एक कागद घ्या, रोज भेट होतेच अशा चार-पाच जणांची नावं लिहा, रिक्षावाले मामा, खालच्या मजल्यावरच्या काकू, कॉलेजातला मित्र, जो कोण असेल तो, आणि कागद पवित्र शास्त्रात ठेवून द्या. रोज त्या नावांसाठी प्रार्थना करा, पण "देवा याला बदल" एवढीच नको. त्याच्या पोरीच्या दहावीसाठी करा, त्याच्या शुगरसाठी करा, त्याच्या बचत गटाच्या हप्त्यासाठी करा. आता हे सगळं प्रार्थनेत आणायचं तर आधी ते माहीत पाहिजे, आणि माहीत व्हायचं तर विचारलं पाहिजे आणि गप्प बसून ऐकलं पाहिजे. बऱ्याच जणांचं इथंच अडतं, कारण आपल्याला बोलायची घाई असते.

ऐकायला जायचं तर माणसाच्या कामाची वेळ आणि कामाची पद्धत बघून जा. शहराच्या पूर्व भागात बिड्या वळणाऱ्या एखाद्या अक्कांच्या घरी गेलात तर त्या मांडीवर सूप घेऊन बसलेल्या असतात, भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं कात्रीनं मापात कापून शेजारी ठेवलेली, एक पान उचलायचं, तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा, आणि हे सगळं तुमच्याकडं बघत बोलत बोलत चाललेलं असतं. हजार बिड्यांवर मजुरी असते, आणि माल द्यायला गेलं की त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढतात त्या वेगळ्याच. अशा बाईला "अक्का जरा हात थांबवा, डोळे मिटा, प्रार्थना करू" म्हणायचं नाही. तुमच्या पंधरा मिनिटांच्या प्रार्थनेत त्यांच्या वीस-पंचवीस बिड्या जातात. बसा, त्यांचं चालू द्या, खोकला किती दिवस आहे विचारा, नातू शाळेत जातो का विचारा. प्रार्थना करायचीच झाली तर आधी विचारा, "करू का?" म्हणून, हो म्हणाल्या तर दोन वाक्यांची करा, डोळे उघडे ठेवून केली तरी देव ऐकतोच.

भाषेचं पण बघा. सोलापुरात एका गल्लीत मराठी, दुसऱ्या गल्लीत तेलुगू, पलीकडं कन्नड, आणि बाजारात हिंदी, हे आपल्याला जन्मापासून माहीत आहे, तरी सुवार्तेला निघालो की आपण मराठीच धरून बसतो. ज्या भाषेत माणूस रडतो त्या भाषेत त्याला देवाचं ऐकू दे. तेलुगू आणि कन्नड दोन्हीत पवित्र शास्त्र मिळतं, मोबाईलवर फुकट मिळतं, वाचता येत नसेल तर ऐकायचं पण मिळतं. मंडळीत तेलुगू बोलणारी एखादी ताई असतेच, तिला सोबत न्या आणि तिलाच बोलू द्या.

आता साक्ष, म्हणजे येशूनं आपल्यासाठी काय केलं ते आपल्या तोंडानं सांगणं. तीन मिनिटांची पुरे. आपल्यातले कितीतरी जण म्हणतात माझा जन्मच ख्रिस्ती घरात झाला, मी कधी दारू प्यायलो नाही, मारामारी केली नाही, मग माझी साक्ष काय असणार. आणि मग काही जण नसलेली दारू साक्षीत घालतात. असं करू नका हो, खोट्याच्या पायावर खरं उभं राहत नाही, आणि सोलापूर एवढं मोठं पण नाही, तुम्हाला लहानपणापासून ओळखणारं कुणीतरी तिथं बसलेलं असतंच. घडलंय तेवढंच सांगा. समजा असं, "वडील गेले तेव्हा दोन महिने मला झोप नव्हती. घरी रोज संध्याकाळी प्रार्थना असायची, मी नुसता बसायचो, तोंडातनं शब्द निघायचा नाही. पण येशू पण मित्राच्या थडग्याजवळ रडला होता हे वाचलं तेव्हा वाटलं की याला माझं कळतंय. अजून आठवण येते, पण एकट्यानं ओढतोय असं वाटत नाही." बास. एवढं सांगायचं आणि थांबायचं. लगेच "मग तुम्हीही स्वीकारा" नको. समोरचा गप्प बसला तर त्याला गप्प बसू द्या, तो काहीतरी विचार करतोय. पेत्राच्या पहिल्या पत्रात ३:१५ ला हेच आहे, तुमच्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं आणि आदरानं. कुणी विचारलं तर, हा भाग आपण वाचताना सोडून देतो. लोकांनी विचारावं असं आपलं वागणं पाहिजे, दुकानातला हिशोब सरळ, घरात बायकोशी बोलणं नीट, भाडेकरूचं डिपॉझिट वेळेवर परत. हे नसेल तर तीन मिनिटांची साक्ष तीन तासांची केली तरी शेजारी ऐकणार नाही, त्याला तुमचं सगळं माहीत असतं.

दुसऱ्याच्या देवाला, संताला, सणाला नावं ठेवून येशू मोठा होत नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला सगळं शहर लोटतं, नंदीध्वज निघतात, त्या गर्दीत पत्रकं वाटत उभं राहायचं नाही. लोक आपल्या श्रद्धेनं आलेले असतात, त्यांचा दिवस त्यांना साजरा करू द्या, वाटेत कुणाला पाणी पाजता आलं तर पाजा. प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये पौल अथेन्सला जातो, सगळं शहर मूर्तींनी भरलेलं बघून आतून अस्वस्थ होतो, पण बोलायला उभा राहतो तेव्हा "तुम्ही देवधर्माचे फार आहात" इथनं सुरुवात करतो आणि त्यांच्याच कवीची ओळ सांगतो. आपल्याकडं तर याच्यासाठी लांब जायला नको. इथनं पंढरपूर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, दर दोन घरांआड गळ्यात तुळशीची माळ असलेलं माणूस आहे, त्यांना विचारा की तुम्हाला कुठला अभंग आवडतो आणि का. ऐकून बघा, देवासाठी केवढी तळमळ आहे त्यात.

मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते पण त्यातली एक जागा नीट बघा. १८९३ ला टिळक नागपूरहून रेल्वेनं राजनांदगावला चालले होते. डब्यात एक युरोपियन माणूस भेटला. त्यानं आल्या आल्या धर्माचं काढलं नाही, संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या, म्हणजे टिळकांचा जो जीव की प्राण विषय त्याच्यावर. मग पुढं ख्रिस्ताचं बोलणं निघालं आणि त्यानं टिळकांना नवा करार दिला, वाचून बघा म्हणाला. संपलं तेवढंच. टिळकांनी वाचला, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले, आणि १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांना त्यांनी कधी सोडलं नाही, उलट तुकारामांच्याच पुलावरनं मी ख्रिस्ताकडं आलो असं ते सांगायचे. आणि त्यांच्या बायको लक्ष्मीबाई? नवऱ्यानं बाप्तिस्मा घेतला म्हणून त्या त्याच्या मागोमाग गेल्या नाहीत, किती वर्षं वेगळ्या राहिल्या, भांडल्या, रडल्या, विचार केला, आणि १९०० मध्ये स्वतःच्या मनानं ख्रिस्ती झाल्या. तर आगगाडीतल्या त्या माणसाचं काम बघा आणि लक्ष्मीबाईंना लागलेला वेळ बघा. आपल्या वाट्याला यातलं किती येईल ते देव ठरवतो. पौल पण म्हणतोच की, मी लावलं, अपुल्लोसानं पाणी घातलं, पण वाढवलं देवानं.

आता जे अजिबात करायचं नाही ते, आणि हे मी जोर देऊन सांगतोय.

पैसे, नोकरी, रेशन, शाळेची फी, यातलं काहीही "येशूला माना" याच्याशी जोडायचं नाही. मदत करा, भरपूर करा, पण मदतीच्या पिशवीत पत्रक टाकू नका. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्यानं वाटेतल्या जखमी माणसाला गाढवावर घातलं, उतारशाळेचे पैसे भरले, आणि त्याचा धर्म विचारला नाही. दुसरं, आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा, विश्वासानं करा, पण गोळ्या बंद करा असं कधीही, कुणालाही सांगू नका. प्रार्थना झाली की सिव्हिल हॉस्पिटलला सोबत जा, केस पेपरच्या रांगेत तुम्ही उभे राहा आणि त्यांना बाकावर बसवा. चमत्काराची जाहिरात करून लोक गोळा करणं आणि उपचारापासून अडवणं याला महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा पण आहे, आणि कायदा नसता तरी ते प्रेमाला धरून नाहीच. तिसरं, आईवडिलांना न सांगता दुसऱ्यांच्या लेकरांना संडे स्कूलला आणायचं नाही. चौथं, कुणाच्या घरी प्रार्थना केली की फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही. ती बाई तुमच्यापुढं रडली ती तुमच्यावर विश्वास ठेवून रडली, तिच्या दिराला ते मोबाईलवर दिसलं तर तिच्या घरात काय होईल याचा विचार करा.

घटनेच्या कलम २५ नं आपल्याला धर्म मानायचा, पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क दिलाय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. १९७७ ला सुप्रीम कोर्टानं हे पण सांगितलंय की प्रसार करायचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नाही. मला तरी यात अडचण वाटत नाही, मन वळवणं हे पवित्र आत्म्याचं काम आहे, आपलं काम सांगायचं. कुणी येऊन विरोध केला, आवाज चढवला, तर वाद घालू नका, तिथंच थांबा, नम्रपणे निघा, आणि पाळकसाहेबांना त्याच दिवशी सांगा.

मग बोलवायचं कसं. योहान १ मध्ये नथनेल तोंडावर म्हणतो, नासरेथातनं काही चांगलं निघेल का, आणि फिलिप्प वाद घालत नाही, "येऊन बघ" म्हणतो. आपण पण तेवढंच म्हणायचं, फक्त "कधीतरी या आमच्या चर्चला" असं हवेत सोडायचं नाही. "या रविवारी नऊला उपासना आहे, दीड तास चालेल, मी तुम्हाला सव्वाआठला घ्यायला येतो" असं सांगायचं. आणि त्याआधी त्यांच्याकडं पाण्याचा दिवस कधी आहे ते विचारा. आपल्या सोलापुरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, रविवारी सकाळी पाणी यायचं असेल तर कुठलीही बाई घागरी सोडून तुमच्या उपासनेला येणार नाही आणि तिनं येऊ पण नये. पुढचा रविवार सांगा. पहिल्यांदा बोलवायला नाताळ किंवा हंगामाचा सण बरा पडतो, गाणी असतात, जेवण असतं, लेकरांना मजा येते, नवीन माणसाला अवघडल्यासारखं होत नाही. कपड्यांबद्दल आधीच सांगा की रोजचे चालतील, कारण गरीब माणूस इस्त्रीचा शर्ट नाही म्हणून पण येत नाही.

तो आला. आता खरी परीक्षा तुमची. गेटवर सोडून तुम्ही गायनाच्या खोलीत पळू नका, त्या दिवशी गायन मंडळ तुमच्याशिवाय गाईल. त्याच्या शेजारी बसा, मधल्या बाकावर, अगदी पुढं नको की सगळे बघतील आणि अगदी मागं नको की काही दिसणार नाही. गीताचा नंबर सांगितला की पान काढून त्याच्या हातात द्या, बोट ठेवून ओळ दाखवा. कधी उठायचं कधी बसायचं ते हळूच सांगा. दानाची थैली फिरायच्या आधीच कानात सांगा की पाहुण्यांनी घालायची गरज नाही, नाहीतर तो बिचारा खिसे चाचपत बसतो, आणि खिशात परतीच्या रिक्षाचेच पैसे असतात. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीनं भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा रविवार असेल तर आदल्या दिवशीच समजावून सांगा की हे काय आहे, बाप्तिस्मा झालेले पुढं जातात, तुम्ही बसून राहिलात तर कुणी वाईट मानणार नाही, आणि सगळे उठले तरी तुम्ही त्याच्याजवळ बसून राहा, तुमचं तुम्ही नंतर शेवटच्या रांगेत घ्या. नवीन पाहुण्यांनी उभं राहून नाव सांगायचं ही पद्धत असेल तर त्याला आधी विचारा, त्याला नको असेल तर पाळकसाहेबांना तसं सांगून ठेवा.

आणि उपासना सुटल्यावर चहाच्या वेळी जे होतं ते तर फार जपून. आपली माणसं प्रेमानंच येतात, "सलाम" करतात, आणि दुसरा प्रश्न असतो, आडनाव काय तुमचं, मूळ गाव कुठलं. या दोन प्रश्नांतनं आपल्या समाजात काय काढून घेतात ते विचारणाऱ्याला पण कळतं आणि सांगणाऱ्याला पण. जो माणूस आयुष्यभर या प्रश्नाला भिऊन राहिलाय तो देवाच्या घरात आल्यावर दहा मिनिटांत तोच प्रश्न ऐकतो. नका विचारू. चहा साखरेचा का बिनसाखरेचा ते विचारा. याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला "तू तिथं उभा राहा", हे लिहिलंय ते मंडळीला उद्देशूनच लिहिलंय. काही ठिकाणी अजून ठरावीक घराण्यांची ठरावीक बाकं असतात, पाहुणा चुकून तिथं बसला की घरातली आजी येऊन नुसती उभी राहते, काही बोलत नाही, पण त्याला कळतं. मंडळीच्या पंचांनी यावर उघड बोललं पाहिजे. आपण बाहेर जाऊन देवाचं दार सगळ्यांना उघडं आहे सांगतो, तर आतल्या बाकावर नाव कुणाचं कशाला पाहिजे?

सोमवारी एक फोन. "कसं वाटलं" विचारा, "मग काय ठरलं" विचारू नका. त्याला काही खटकलं असेल तर ऐकून घ्या, आपल्या मंडळीची बाजू लढवू नका. वाचायला मार्कचं शुभवर्तमान द्या, सगळ्यात छोटं आहे, सोळा अध्याय, आणि त्यात येशू सतत माणसांत फिरताना दिसतो. जड मराठी अडत असेल तर सोप्या भाषेतली प्रत आणा. पुण्याला जाताना गाडीतनं केडगाव लागतं तिथल्या पंडिता रमाबाईंनी शेवटची कितीतरी वर्षं यातच घातली, साध्या बायकांना वाचून कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र व्हावं म्हणून, आणि १९२२ ला त्या वारल्या तोपर्यंत ते भाषांतर त्यांनी पुरं केलं होतं. आठवड्यातनं एकदा अर्धा तास बसा, एक तुकडा वाचा, आणि त्यालाच आधी बोलू द्या. प्रश्न आला आणि उत्तर येत नसेल तर "पाळकसाहेबांना विचारून सांगतो" म्हणा आणि खरंच विचारून सांगा.

तो नाही म्हणाला तर? तर काहीच बदलायचं नाही. त्याच्या कडक भाकरी आणि शेंगा चटणीवर तुमचा हक्क आणि तुमच्या नाताळच्या फराळावर त्याचा हक्क, हे आधी होतं तसंच राहिलं पाहिजे. नाही म्हटल्यावर तुम्ही त्याच्याकडं जाणं कमी केलंत तर त्याला कळतं की ही दोस्ती कशासाठी होती. कागदावरचं नाव पण खोडू नका.

आणि हो म्हणाला, बाप्तिस्मा पाहिजे म्हणाला, तर घाई बिलकुल करू नका. आधी त्यानं स्वतः घरी सांगू दे, आईवडिलांना, बायकोला, आपल्या तोंडानं आणि आपल्या वेळेला. तयारीच्या वर्गाला तो बसेल तेव्हा तुम्ही पण सोबत बसा. कायद्याच्या बाबतीत त्या वेळी जे नियम असतील ते वकिलाला विचारून सगळं उघड्यावर, कागदोपत्री करा, लपून छपून काही नको. नाव बदललंच पाहिजे, घरच्या लग्नाकार्याला जायचं नाही, आईच्या हातचं खायचं नाही, असल्या अटी कुणी घालत असेल तर थांबवा त्याला. आणि पहिल्या नाताळला त्याच्याकडं लक्ष ठेवा, तो घरात एकटाच ख्रिस्ती असेल तर त्या दिवशी त्याच्या घरात दुसऱ्या कुणाला सण नसतो. सकाळी उपासनेला सोबत न्या, दुपारी तुमच्या घरी जेवायला बसवा, आणि त्याच्या आईवडिलांना पण आठवडाभर आधी स्वतः जाऊन आमंत्रण द्या.